उदासीनतेवरील औषधे आणि त्यांचे उपद्रव



वैशाखातल्या संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून वाऱ्याची वाट पाहत बसण्याचे सुख सोडून आपण येथे आलात, आणि तेही गोळ्यांच्या उपद्रवांसारखा विषय ऐकायला, ह्याचे आम्हांला खरोखरच नवल वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय होत आले. आमचा विषय त्या मानाने औषधाच्या कपाटातला. चिटणीसांना तो कळवला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, विषय चांगला आहे; पण ह्या व्याख्यानाला जो येईल त्याच्याकडे लोक वळून पाहतील, त्याचे काय करायचे?" अडचण खरी होती. म्हणून प्रारंभीच सांगतो की, आज येथे आलेला प्रत्येक जण शेजाऱ्यासाठी माहिती न्यायला आला आहे, असे आपण सर्वांनी धरून चालावे.

उदासीनता किंवा नैराश्य हा शब्द आपण फार सैल वापरतो. कांद्याचा भाव पडला, पाऊस लांबला, मुलीचे जमलेले लग्न मोडले, की मन खिन्न होते. तो आजार नव्हे, तो संसार आहे. पण आठवड्यामागून आठवडे पहाटे तीनला जाग येते, जेवणाची चव जाते, नातवाला मांडीवर घ्यावेसे वाटत नाही, आपण घराला भार झालो आहोत असे वाटू लागते, तेव्हा तो आजार असतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत पाहणी केली. तीत वीस प्रौढांत सुमारे एकाला हा आजार आयुष्यात कधी ना कधी झालेला आढळला, आणि त्यांतले बहुतेक उपचाराविना राहिलेले आढळले. उपचाराला जे येतात त्यांतले पुष्कळ जण औषध अर्ध्यावर टाकतात. ते का टाकतात, हाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी राहुरीकडचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, वय चाळिशीच्या आसपास, माणूस अबोल. तीन महिने झोप नव्हती, कामात मन नव्हते. बाहेर बाकावर रोग्यांची गर्दी होती. आम्ही त्यांना दोन गोळ्या लिहून दिल्या, "महिन्याने या" म्हणालो आणि घंटी वाजवली. त्या दोन गोळ्यांपैकी एक नैराश्यावरची होती. दुसरी, पहिली लागू पडेपर्यंत आठदहा दिवस झोप यावी म्हणून दिलेली अल्प्राझोलामची होती. कोणती कशासाठी, हे आम्ही सांगितले नाही. दीड महिन्याने त्यांचे थोरले भाऊ त्यांना घेऊन आले. आदल्या पहाटे ते मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसलेले सापडले होते. भावाने खिशातून दोन पाकिटे काढून आमच्या टेबलावर ठेवली. नैराश्यावरच्या गोळ्यांतल्या चारच गेल्या होत्या. झोपेच्या गोळ्यांचे पाकीट रिकामे होते, आणि ते त्याच चिठ्ठीवर तिसऱ्यांदा आणलेले होते.

आता त्यांच्या बाजूने विचार करून पाहा. एक गोळी घेतली की त्याच रात्री डोळा लागतो. दुसरी घेतली की तिसऱ्या दिवसापासून मळमळ सुरू होते, डोके जड होते, हातापायांत अस्वस्थता येते, आणि मनाला मात्र तसूभर आराम पडत नाही. शेजारी म्हणाला, "ही गोळी तुला गरम पडली." शहाणा माणूस कोणती गोळी ठेवील आणि कोणती टाकील? आमच्या ह्या रोग्याने अगदी शहाण्यासारखे वर्तन केले. वेडेपणा आमचा होता. नैराश्यावरील औषधांचा स्वभावच असा आहे की त्यांचा त्रास पहिल्या आठवड्यात येतो आणि गुण साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतो, पुरता यायला त्याहूनही वेळ लागतो. मधले हे दिवस म्हणजे पेरणी झाली आहे आणि कोंब दिसत नाही, असे असतात. एवढे जर रोग्याला आधी सांगितले असेल तर तो थांबतो. सांगितले नसेल तर तो का थांबेल?

मळमळ का होते, हेही सांगण्यासारखे आहे. आज जी औषधे अधिक वापरतात, फ्लुओक्सेटिन, सेर्ट्रालिन, एसिटालोप्राम, ती सेरोटोनिन नावाच्या द्रव्याच्या व्यवहारावर काम करतात. हे द्रव्य मेंदूत असते हे आपण वाचलेले असते. परंतु शरीरातल्या एकंदर सेरोटोनिनपैकी सुमारे नव्वद टक्के आतड्यांत असते. औषध पोटात गेले की ते मेंदूला आधी आणि आतड्याला नंतर, असा भेद करीत नाही. म्हणून आधी पोट तक्रार करते. जेवणानंतर गोळी घेतली, मात्रा थोडीने सुरू केली, तर ही तक्रार बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. रक्तातल्या बिंबाणूंतही हेच द्रव्य असते, आणि जखम झाल्यावर रक्त थांबवण्याच्या कामी ते लागते; म्हणून ह्या गोळ्यांबरोबर अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्याला पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाच्या खिशात अंगदुखीची गोळी असतेच. ती तो औषध समजत नाही, चहासारखी समजतो, आणि डॉक्टरने "आणखी काही औषध घेता का?" असे विचारले तर "नाही" म्हणतो.

येथे थोडे मागे जाऊ. उपद्रव म्हणजे केवळ औषधाचे वैगुण्य, असे आपण मानतो. पण ह्या औषधांचा जन्मच एका उपद्रवातून झालेला आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनायझिड हे नवे औषध देऊन पाहत होते. जे रोगी खाटेवर मरणाची वाट पाहत पडले होते ते हसूबोलू लागले, जादा जेवण मागू लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. क्षयाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा नको असलेला परिणाम होता. पुढे १९५७ साली नेथन क्लाइन ह्या मनोविकारतज्ज्ञाने तोच परिणाम नैराश्याच्या रोग्यांवर मुद्दाम घडवून पाहिला.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना पूर्वापार ठाऊक. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघा बंगाली वैद्यकांनी तिचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो असे लिहिले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि सर्पगंधा जगभर गेली. तिच्यातून स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ साली रेसर्पिन वेगळे काढले. रक्तदाब उतरला खरा. पण काही रोगी औषध घेता घेता खोल विषण्णतेत गेल्याचे वृत्तांत येऊ लागले. रेसर्पिनने मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्ये रिती होतात असे प्रयोगांत दिसले, आणि ह्यावरून शास्त्रज्ञांनी तर्क बांधला की नैराश्याचे मूळ ह्या द्रव्यांच्या उणिवेत असावे. आज आम्ही हे ठामपणे सांगत नाही. रेसर्पिन आणि विषण्णता ह्यांचा संबंध तेवढा सरळ नाही असे पुढे दिसून आले, आणि "मेंदूत अमुक रसायन कमी पडले" हे रोग्याला सांगायला सोपे असले तरी आजाराचा तो संपूर्ण खुलासा नव्हे. तरी पण गंमत पाहा. १९५७ साली अमेरिकेतले लास्कर पारितोषिक ज्यांना वाटून मिळाले त्यांत आपले वकील होते आणि तो क्लाइनही होता. एकाचे औषध उदास करते असा बोभाटा झाला, आणि दुसऱ्याने उदासी घालवणारे औषध पुढे आणले.

इप्रोनायझिडची कीर्ती फार दिवस टिकली नाही. त्याने काही रोग्यांना घातक कावीळ झाली आणि ते मागे पडले. त्याच जातीच्या इतर गोळ्यांबाबत मात्र एक विलक्षण प्रकार घडला, तो आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या एका औषधविक्रेत्याच्या पत्नीला अशी गोळी चालू असताना चीज खाल्ले की भयंकर डोकेदुखी होई. त्याने तसे पत्राने कळवले. आरंभी ह्या गोष्टीला कोणी फारसे मानीना. परंतु बॅरी ब्लॅकवेल ह्या तरुण डॉक्टरने तिचा पाठपुरावा केला आणि १९६३ साली दाखवून दिले की मुरवलेल्या चीजमधील टायरामिन ह्या द्रव्याने अशा रोग्यांचा रक्तदाब एकदम भडकतो. त्यात माणसे दगावलीही होती. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे दिसले नाही ते घरच्या जेवणाच्या टेबलावर एका नवऱ्याला दिसले. आपल्या देशातही २०१० सालापासून औषधांच्या उपद्रवांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ ह्या फुकट क्रमांकावर रोग्यालाही आपला त्रास कळवता येतो. नगरमधून, आता अहिल्यानगर म्हटले पाहिजे, असे फोन झाले तर आम्हांला फार आनंद होईल.

स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून ह्यांनी १९५७ साली पुढे आणलेले इमिप्रामिन आणि त्याच्या पाठोपाठचे अमिट्रिप्टिलिन ही जुनी औषधे अद्याप चिठ्ठीवर येतात. मधुमेह्यांच्या पायांची आग, अर्धशिशी ह्यांवरही अमिट्रिप्टिलिन थोड्या मात्रेत देतात. ह्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, जवळचे अक्षर पुसट दिसते. हे उपद्रव तरुणाला कटकटीचे वाटतात, म्हाताऱ्याला ते आडवे पाडतात. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते. रात्री उठताना रक्तदाब एकाएकी उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी खुब्याचे हाड मोडते. घरचे लोक उंबऱ्याला दोष देतात! अशा वृद्धाने आधी खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावे, मग उठावे. आणि जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. म्हणून त्या घरातल्या कर्त्या माणसाच्या कुलपात असाव्यात, रोग्याच्या उशाखाली नसाव्यात.

नव्या गोळ्या त्या मानाने सौम्य. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली, आणि नंतरच्या ह्या गोळ्यांनी जुन्यांची जागा बरीचशी घेतली. तरी म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर, ह्यांनी रक्तातले सोडियम उतरते. उन्हाळ्यात आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागली, झोकांड्या खाऊ लागली, तर "वय झाले" म्हणून स्वस्थ बसू नये, रक्त तपासावे.

ह्यापुढचा उपद्रव बोलताना सभेत वडीलधारी मंडळी आहेत ह्याची आम्हांला जाणीव आहे. पण आम्ही तो टाळला तर आजचे व्याख्यान अप्रामाणिक होईल. ह्या गोळ्यांनी पुष्कळ पुरुषांची आणि स्त्रियांची कामेच्छा मंदावते, किंवा इच्छा असून समाधान होत नाही. डॉक्टर हे विचारीत नाही, रोगी सांगत नाही. नवरा गोळी घेत असतो. बायकोला वाटते, ह्यांचे मन आपल्यावरून उडाले. बायको गोळी घेत असते. नवऱ्याला वाटते, ही आपल्याला टाळते. नैराश्याने आधीच ताणलेल्या संसारात ही भर पडते, आणि मग एक दिवस गोळी गुपचूप बंद होते. कारण विचारले तर "बरे वाटले म्हणून सोडली" असे उत्तर येते. आमच्या समजुतीप्रमाणे गोळी सुटण्याचे हे मोठे कारण आहे आणि ते कोणत्याच केसपेपरवर लिहिलेले सापडणार नाही. मात्रा कमी करून, गोळी बदलून, ह्यावर पुष्कळदा उपाय निघतो. मिर्टाझापिन, ब्युप्रोपिऑन ह्यांत हा त्रास कमी असतो. मात्र मिर्टाझापिनने झोप येते आणि वजन वाढते, हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. मनमाड रस्त्याने पहाटे मोटारसायकल हाकणाऱ्याला झोपाळू गोळी देताना तर नक्कीच.

काही उपद्रव मात्र वाट पाहण्यासारखे नसतात. मुले आणि तरुण ह्यांच्या बाबतीत २००४ साली अमेरिकेच्या औषधखात्याने कडक इशारा दिला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. मुलांवरील चोवीस चाचण्या एकत्र पाहता आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन गोळी घेणाऱ्यांत शंभरात चारांना आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत दोघांना आढळले होते. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. ह्याचा अर्थ तरुणाला औषध देऊच नये असा नव्हे. पहिले काही आठवडे त्याला एकटे सोडू नये, आणि तो विलक्षण बेचैन झाला, येरझारा घालू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे. दुसरे असे की, काही माणसांचे नैराश्य हे उन्माद आणि उदासी ह्यांच्या आळीपाळीच्या आजाराचा एक अंक असते. त्यांना ही गोळी मिळाली की पारडे उलटे जाते. कालपर्यंत अंथरुणातून न उठणारा माणूस रात्रभर जागतो, दोन बोअर घेण्याचा सौदा करून येतो, ट्रॅक्टरची आगाऊ रक्कम भरतो, आणि घरचे म्हणतात, "गोळीने काय गुण आला!" तिसरे असे की, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, काही खोकल्याची औषधे, आणि क्षयाच्या चिवट प्रकारावर देतात ते लिनेझोलिड ह्यांच्याशी ह्या गोळ्यांचे वैर आहे. एकत्र पडल्यास घाम, ताप, कापरे भरते. क्षयाच्या औषधातून निघालेली ही विद्या अशी पुन्हा क्षयाच्या औषधाशी येऊन भिडते.

एवढे ऐकल्यावर आपण म्हणाल, मग ही विषे घ्यावीतच कशाला? २०१८ साली लॅन्सेटमध्ये पाचशे बावीस चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत एक लाख सोळा हजारांहून अधिक रोगी होते, औषधे एकवीस होती. सर्वच्या सर्व औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फार मोठ्या फरकाने नव्हे, पण ठरली. सौम्य उदासीला बोलणे, फिरणे, झोपेची शिस्त आणि समुपदेशन पुरते. विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाला ते पुरत नाही.

आता औषध सोडण्याविषयी. लोक विचारतात, "सवय लागते का हो?" दारूची किंवा अल्प्राझोलामची लागते तशी ओढ ह्या गोळ्यांची लागत नाही. पण एकदम बंद केल्यास शरीर कुरकुरते. दोनतीन दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे प्रकार होतात. पारोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ह्यांत ते अधिक. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते म्हणून त्यात कमी. २०२४ साली जर्मन संशोधकांनी केलेल्या आढाव्यात, औषध बंद केल्यामुळे म्हणून होणारा असा त्रास सहासात जणांत एकाला होतो असे दिसले. तीव्र त्रास पस्तिसांत सुमारे एकाला. म्हणून गोळी उतरवायची ती जिन्याने, गच्चीवरून उडी मारून नव्हे. रोगी ह्या त्रासाला "आजार उलटला" समजतो किंवा "सवय लागली" समजतो, आणि दोन्ही समजुतींनी त्याचे नुकसानच होते.

आमच्या जिल्ह्यात ह्याला एक निराळे परिमाण आहे. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यांतल्या एखाद्या बाईला गोळ्या चालू असतील तर सोबत महिन्याच्या असतात. महिन्याने कोपीवर गोळ्या संपतात, मुकादम उचल दिल्याशिवाय सोडीत नाही, ओळखीचा दवाखाना शंभर कोसांवर. चौथ्या दिवशी तिला फडात चक्कर येते. ती भुकेने आली, उन्हाने आली की गोळी तुटल्याने आली, हे कोण ओळखणार? अशा रोग्याला पाठवतानाच हंगामभराची सोय, नाहीतर जेथे जाणार तेथल्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी दिली पाहिजे. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर चालते आणि मराठीत बोलते. निदान तो आकडा तिच्या पाकिटावर लिहून द्यावा.

ह्या बाबतीत आम्हांला जामखेडची आठवण होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले आणि खेड्यांतल्या बायांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अतिसारात मीठ-साखरेचे पाणी का द्यायचे हे त्या बायांनी शेजारणींना ज्या भाषेत सांगितले ती भाषा आमच्या तोंडी कधी आली नसती. "पहिले पंधरा दिवस मळमळेल, बाई, पोरीच्या वेळेला मळमळलं होतं तसं, मग उतरेल," असे कोणी सांगितले तर किती पाकिटे कपाटात पडून राहणार नाहीत!

वजनकाट्यावरच्या त्या गृहस्थांना आम्ही तीच गोळी पुन्हा सुरू केली, अर्ध्या मात्रेने, जेवणानंतर. ह्या खेपेस भाऊही बसले होते. काय काय होईल ते एकेक करून सांगितले, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या, आणि महिन्याने नव्हे, आठव्या दिवशी बोलावले. ते आठव्या दिवशी आले आणि म्हणाले, "मळमळ झाली. तुम्ही म्हणालात तशीच झाली." त्या वाक्यात तक्रार नव्हती. पुढे दहा महिन्यांनी टप्प्याटप्प्याने गोळी बंद केली.

चिटणीसांशी ठरल्याप्रमाणे आता प्रश्नोत्तरे होतील. उभे राहून विचारण्याची आवश्यकता नाही. दाराजवळ पेटी आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. नाव लिहू नये. वय, गोळी कोणती, किती दिवस झाले आणि काय होते, एवढे लिहावे. ज्यांच्या शेजाऱ्याने गोळी मध्येच बंद केली असेल त्यांनी बंद केल्याची तारीखही लिहावी. त्या चिठ्ठ्या आम्ही आधी घेणार आहोत.